परवाना परत केला, दीक्षा नाही

चर्चगेट स्टेशनवर रोज लाखो माणसं उतरतात. त्या नावातलं चर्च नेमकं कुठलं, हा प्रश्न फार थोड्यांना पडत असेल. जुन्या मुंबईच्या कोटाचा जो दरवाजा सेंट थॉमस चर्चच्या बाजूला होता, तो चर्चगेट. कोट गेला, दरवाजा गेला, चर्च मात्र फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी अजून उभं आहे. ते मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या पंथाचं. आता ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे, आणि अनेक पंथ एकत्र येऊन झालेल्या या चर्चची स्थापना झाली आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी.

या अँग्लिकन पंथात पहिली स्त्री पाळक कोण झाली? बहुतेकांचा अंदाज लंडनकडे नाहीतर न्यूयॉर्ककडे जातो. उत्तर आहे हाँगकाँगच्या ली टिम-ओई, साल १९४४. खुद्द इंग्लंडमध्ये स्त्रियांना हे पद मिळालं १९९४ साली, म्हणजे त्यानंतर पन्नास वर्षांनी. टिम-ओईंची गोष्ट सहसा अशी सांगतात: बाईला पद मिळालं, ते काढून घेतलं, पुढे परत दिलं. ऐकायला सुटसुटीत आहे, पण चुकीची आहे. ती बरोबर कळायची तर चर्चच्या कारभारातला एक बारकावा आधी पाहावा लागतो.

वकिलाचं उदाहरण घेऊ. कायद्याची पदवी वेगळी आणि सनद वेगळी. सनद निलंबित झाली तर कोर्टात उभं राहता येत नाही, पण परीक्षा पास झालात ती झालातच. अँग्लिकन चर्चमध्येही अशा दोन गोष्टी आहेत. एक दीक्षा, जी बिशप डोक्यावर हात ठेवून देतो. दुसरा परवाना, म्हणजे अमुक ठिकाणी अमुक काम करायची बिशपची परवानगी. परवाना देता येतो, परतही घेता येतो. दीक्षेचं तसं नसतं. तिच्यासाठी पदवीपेक्षा मुंजीचं उदाहरण जास्त जवळचं. मुंज एकदा लागली की लागली. नंतर जानवं खुंटीला टांगलं म्हणून ती रद्द होत नाही.

दीक्षेच्या पायऱ्या तीन. डीकन म्हणजे मदतनीस सेवक. त्यावर पाळक किंवा धर्मगुरू, इंग्रजीत प्रीस्ट. सर्वांत वर बिशप, एका मोठ्या विभागाचा प्रमुख. डीकन उपदेश करू शकतो, आजाऱ्याला भेटू शकतो, बाप्तिस्मा देऊ शकतो. पण प्रभुभोजनाचा विधी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस आशीर्वाद देऊन वाटणं, हे काम पाळकाचंच. या एका विधीसाठी पाळक हवाच हवा. पुढचा सगळा पेच इथेच आहे.

भांडण इतकं टोकाला का जावं, हे कळायला आणखी एक गोष्ट हवी. अँग्लिकन लोक मानतात की बिशपच्या हाताखालून येणारी ही परंपरा थेट येशूच्या शिष्यांपासून चालत आली आहे. आदिनाथांपासून निवृत्तीनाथांपर्यंत आणि पुढे ज्ञानेश्वरांपर्यंत आपण गुरुपरंपरा मोजतो, तसंच काहीसं. साखळीतली एक कडी खोटी निघाली तर पुढच्या सगळ्या कड्यांवर शंका येते. म्हणून विरोधक म्हणायचे की येशूने निवडलेले बारा शिष्य पुरुष होते, विधीच्या वेळी पाळक ख्रिस्ताच्या जागी उभा असतो, तेव्हा तिथे बाई चालायची नाही. आणि चालत नसताना उभी केली तर तिने दिलेली भाकर ही नुसतीच भाकर. उलट बाजूचे लोकही बायबलच पुढे करायचे. पुनरुत्थित येशू पहिल्यांदा दिसला तो मग्दालीया मरीयेला. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात चर्चची सेविका म्हणून फिबीचं नाव आहे. आणि ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद नाही, असं पौलानेच गलतीकरांना लिहिलं आहे. दोन्हीकडे वचनं होती, त्यामुळे नुसत्या वचनांवर निकाल लागणं शक्यच नव्हतं.

मराठी वाचकाला या वादाची एक झलक पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडेल. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडातल्या वाँटेजला, अँग्लिकन पंथातच झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात काय म्हणतील, ही चिंता! रमाबाईंनी उलट पत्र लिहिलं, त्याचा आशय असा: माझ्या आईने आणि मी तरुण मुलांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही नाही, मग इंग्रज माणसांना कसली अडचण? प्रश्न पाळकपदाचा नव्हता, साध्या शिकवण्याचा होता. तेवढंही जड जात होतं, हे लक्षात ठेवून आता हाँगकाँगला जाऊ.

ली टिम-ओईंचा जन्म ५ मे १९०७ चा. चिनी पद्धतीप्रमाणे ली हे आडनाव आधी. टिम-ओई म्हणजे साधारण "आणखी एक लाडकी". मुलगी झाली की घर हिरमुसायचं अशा काळात वडिलांनी हौसेने हे नाव ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी टिम-ओईंनी स्वतः एक नाव जोडून घेतलं: फ्लोरेन्स, नर्स फ्लोरेन्स नाइटिंगेलवरून.

१९३१ साली हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंचा डीकनेस म्हणून दीक्षाविधी होता. डीकनेस हे खास बायकांसाठीचं पद. ते डीकनच्या बरोबरीचं की खालचं, यावर खुद्द बिशपांचंच एकमत नव्हतं. म्हणजे मानाचं, पण नक्की किती मानाचं ते मोघम. त्या दिवशी उपदेशकाने विचारलं की चिनी चर्चसाठी स्वतःला वाहून घेईल अशी एखादी चिनी मुलगी इथे आहे का. टिम-ओईंनी तो प्रश्न स्वतःला विचारलेला आहे असं धरलं. १९३४ ते १९३८ कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, त्यांनी ईश्वरविज्ञानाचं शिक्षण घेतलं. तोवर जपानने चीनवर हल्ला केला होता आणि निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगकडे निघाले होते. परतल्यावर कौलूनच्या चर्चमध्ये त्यांनी आधी या निर्वासितांचंच काम केलं, मग त्यांची पाठवणी झाली मकावला.

मकाव म्हणजे आपल्या गोव्याचं दूरचं भावंड. चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगिजांचं ठाणं, १८४४ पर्यंत तर त्याचा कारभार गोव्यातूनच चालायचा. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, त्यामुळे गोव्यासारखंच मकावही तटस्थ. आजूबाजूला सगळं पेटलेलं आणि मधे हा एवढासा तुकडा, म्हणून माणसं तिथे धावत होती. मकावच्या छोट्या प्रॉटेस्टंट चॅपलमध्ये टिम-ओई रुजू झाल्या. चॅपलला लागूनच दफनभूमी आहे. बायबल चिनी भाषेत आणणारे रॉबर्ट मॉरिसन तिथेच पुरलेले आहेत. २२ मे १९४१ रोजी बिशप रोनाल्ड हॉल यांनी टिम-ओईंना डीकनेसची दीक्षा दिली. प्रभुभोजनासाठी हाँगकाँगहून अधूनमधून एखादा पाळक बोटीने यायचा. बाकी सगळं, म्हणजे लग्न, मयत, उपास काढणाऱ्या घरांसाठी तांदळाची सोय, हे टिम-ओई बघायच्या.

१९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपानच्या हाती पडलं. बोटीने येणारा पाळक यायचा थांबला. युद्धाच्या आणि भुकेच्या दिवसांत, जेव्हा लोकांना प्रभुभोजनाची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच ते देणारं कोणी नाही.

हॉल त्या वेळी हाँगकाँगबाहेर होते, म्हणून कैदेतून वाचले. चीनच्या ज्या भागावर जपानचा ताबा नव्हता तिथून ते आपला विभाग सांभाळत होते. आधी टिम-ओईंना डीकनेस असतानाच प्रभुभोजन देण्याची तात्पुरती मुभा मिळाली. आता गंमत पाहा. आपल्याला वाटेल की मुभा दिली, अडचण मिटली, कशाला पुढची भानगड? पण चर्चच्या हिशेबात ही मुभाच जास्त घोटाळ्याची होती. पाळकाची दीक्षा नसलेल्या माणसाने तो विधी करणं, ही नियमावरच कुऱ्हाड. हॉल यांच्या मनात असं आलं की दीक्षेविना विधी चालू देण्यापेक्षा बाईला रीतसर दीक्षा देणं हे परंपरेला कमी धक्का देणारं आहे. लोक त्यांना बंडखोर म्हणतात. मला त्यांच्यात नियमांचा काटेकोर माणूस दिसतो, ज्याला दोन नियमांपैकी एक मोडावाच लागणार होता.

टिम-ओई जपानी पहाऱ्यातून वाट काढत ग्वांगडोंग प्रांतातल्या मोकळ्या भागात पोहोचल्या. २५ जानेवारी १९४४ रोजी हॉल यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्या पाळक झाल्या. छत्तीस वर्षांच्या होत्या. २५ जानेवारी हा चर्चच्या पंचांगात पौलाच्या मनपरिवर्तनाचा दिवस, पण हॉल यांना आठवत होता येशूचा शिष्य पेत्र. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, पेत्राला कैसरियाच्या कर्नेल्याकडे बोलावणं येतं. कर्नेल्य रोमी शताधिपती, यहूदी नव्हे. धर्मनियमाने पेत्राने त्याच्या घरी पाऊलही टाकायचं नाही. पण देवाचा आत्मा त्या घरावर आधीच उतरलेला पेत्राला दिसतो, आणि मग बाप्तिस्म्याला नाही कसं म्हणायचं? हॉल यांचा युक्तिवाद हाच. देवाने या बाईला पाळकाचं काम आणि ते करायची ताकद आधीच दिलेली आहे, मी फक्त त्यावर शिक्का मारतो आहे. तिचं नाव बदलून कर्नेलिया ठेवावं असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्यांनी कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना सगळं कळवलं. टेंपल यांनी नापसंती दर्शवली. इथे एक खुलासा: आर्चबिशप ऑफ कँटरबरी हे अँग्लिकनांचे पोप नव्हेत. मान पहिला, पण हुकूम चालतो तो इंग्लंडात. बाकी देशोदेशीची चर्च आपापल्या घरची कारभारी. त्यामुळे लंडनहून दीक्षा रद्द करता येत नव्हती. दबाव मात्र आणता येत होता.

युद्ध संपेपर्यंत मकावमधल्या या पाळकीणबाईंकडे कुणाचं लक्ष नव्हतं. १९४६ मध्ये बातमी फुटली आणि गहजब झाला. टेंपल वारले होते, त्यांच्या जागी आलेले जेफ्री फिशर कडक होते. चीनमधल्या इतर बिशपांनीही हॉल यांच्या कृतीची निंदा केली. हॉल यांनाच पद सोडावं लागेल अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा टिम-ओईंनी पाळक म्हणून काम करायचा आपला परवाना परत केला. आपल्या बिशपवरचं संकट टळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी परवाना सोडला. दीक्षा सोडल्याचं कधीही लिहून दिलं नाही. या एका फरकावर पुढची अडतीस वर्षं उभी आहेत.

१९४७ पासून त्या व्हिएतनामच्या सरहद्दीजवळच्या हेपू गावी चर्च सांभाळत होत्या. तिथे त्यांना पाळकच म्हणायचं, अशी हॉल यांची सूचना होती. तिथे त्यांनी प्रसूतिगृह काढलं. नुसतं बाळंतपणासाठी नाही. त्या भागात मुलगी जन्मली की तिला तिथल्या तिथे संपवायची रीत होती. बाळंतपण घराऐवजी प्रसूतिगृहात झालं की बाळाकडे पाहणारे डोळे असायचे. जिचं नाव "आणखी एक लाडकी", तिने हे काम अंगावर घेतलं होतं.

१९४८ मध्ये लंडनला जगभरच्या अँग्लिकन बिशपांची लँबेथ परिषद भरली. चिनी चर्चने विचारलं की वीस वर्षं प्रयोग म्हणून स्त्रियांना दीक्षा देऊन बघू का. परिषदेने नकार दिला. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि हा प्रश्नच गळून पडला. चर्च राहतं की नाही, हा प्रश्न पुढे आला. टिम-ओईंनी काही वर्षं ग्वांगझूला ईश्वरविज्ञान शिकवलं. १९५८ च्या सुमारास चर्चची दारं बंद झाली. त्यांना शेतावर कोंबड्या पाळायला लावलं, पुढे कारखान्यात कामाला पाठवलं.

मग माओची सांस्कृतिक क्रांती. रेड गार्डची, म्हणजे माओच्या समर्थक टोळ्यांची, पोरं घरात शिरली. विधीच्या वेळी घालायची पाळकाची वस्त्रं टिम-ओईंनी जपून ठेवली होती. ती त्यांच्याच हातात दिली, कात्री दिली, आणि काप म्हणून सांगितलं. त्यांनी ती कापली. पन्नाशी ओलांडलेली बाई, समोर विशी न ओलांडलेली पोरं, आणि खाली पडणाऱ्या चिंध्या. पाळकाचा परवाना फिशर यांच्या काळात गेला होता, चर्चची इमारत सरकारने बंद केली होती, आता वस्त्रंही गेली. जानव्याचं उदाहरण मी दिलं ते याच कात्रीसाठी. प्रार्थना करायची तर त्या एकट्या डोंगरात जायच्या. १९७४ मध्ये कारखान्यातून निवृत्त झाल्या.

इकडे बाहेरचं जग सरकत होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. १९७१ मध्ये केनियात लिमुरू इथे अँग्लिकन सल्लागार समिती बसली. एखाद्या प्रांताने स्त्रियांना दीक्षा द्यायची ठरवली तर चालेल का? २४ विरुद्ध २२ मतांनी होकार. दोन मतं! त्याच वर्षी नोव्हेंबरात हाँगकाँगच्या बिशपांनी जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना दीक्षा दिली. पुढे अमेरिकेत १९७४ मध्ये फिलाडेल्फियाला अकरा जणींनी परवानगीची वाट न बघता दीक्षा घेतली. १९७६ मध्ये अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे वाट मोकळी झाली. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं. इंग्लंड मात्र रेंगाळत राहिलं. तिथे नोव्हेंबर १९९२ मध्ये ठराव पास झाला तोही जेमतेम: दोन तृतीयांश मतं लागत होती, आणि सामान्य सभासदांच्या गटात दोन मतं फिरली असती तरी तो पडला असता. पहिल्या बत्तीस जणींची दीक्षा १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलमध्ये झाली. पहिली स्त्री बिशप लिबी लेन, २०१५. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आर्चबिशप ऑफ कँटरबरी या पदासाठीच सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या, म्हणजे मुळात नर्स. फ्लोरेन्स हे नाव हौसेने घेणाऱ्या टिम-ओईंना हे ऐकून मजा वाटली असती. अर्थात जगातले सगळे अँग्लिकन प्रांत याला आजही राजी नाहीत. भांडण सुरूच आहे, आणि अजून बरीच वर्षं चालेल असं दिसतं.

टिम-ओईंकडे परत येऊ. १९७९ मध्ये चीनमध्ये चर्च उघडू लागली आणि त्या पुन्हा उघडपणे उपासनेला उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कॅनडाला गेल्या, टोरँटोला. तिथल्या चिनी मंडळीत मानद सहायक म्हणून काम करू लागल्या. वय शहात्तर. कॅनडात स्त्री पाळक होऊन सात वर्षं झाली होती, त्यामुळे बाई पाळक कशी, हा प्रश्न तिथे उरला नव्हता. १९८९ मध्ये बॉस्टनला बार्बरा हॅरिस संपूर्ण पंथातल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या, त्या सोहळ्यालाही टिम-ओई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी त्या टोरँटोत वारल्या. इंग्लंडचं मतदान नऊ महिन्यांवर होतं.

पण मला थांबायचंय ते १९८४ जवळ. त्या वर्षी कॅनडात त्यांना पाळकाचं काम करायची परवानगी रीतसर परत मिळाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या सन्मानार्थ उपासनाही झाली, अशा देशात जिथे त्या दिवशी कोणत्याही बाईला, त्यांनासुद्धा, प्रभुभोजनाचा विधी चालवायला मुभा नव्हती. कॅनडाच्या चर्चने त्यांना परवाना दिला, तो नवा कागद होता. डोक्यावर हात मात्र कुणी पुन्हा ठेवले नाहीत. आणि टोरँटोत काय, लंडनमध्ये काय, सोहळा होता तो दीक्षेच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा. वर्षं मोजली होती ती १९४४ पासून, एकही न वगळता. कोंबड्यांची आणि कारखान्याचीही त्यातच धरून.